लिंबावरचा खैऱ्या

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. प्रकाशशास्त्राचा तास आटोपून मी प्रयोगशाळेत येऊन बसलो होतो, तोच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातला एक विद्यार्थी दारात घुटमळताना दिसला. काटोलकडचा मुलगा, घरी शेती. आत येऊन त्याने वहीत दाबून आणलेली लिंबाची पाच-सहा पाने माझ्या टेबलावर मांडली.

"सर, घरच्या लिंबावर हे असं येऊन राहिलं."

पाने हिरवीगार होती, पण त्यांच्यावर मसुराच्या दाण्याएवढे आणि त्याहून लहान तपकिरी डाग होते. प्रत्येक डागाभोवती पिवळे वलय. मी म्हणालो, "अरे, मी भौतिकशास्त्र शिकवतो. हे वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखव."

"दाखवलं सर. ते म्हणाले, खैऱ्या आहे, जंतूंचा रोग आहे. पण बाबा मानत नाहीत. काका म्हणतात खत कमी पडलं, बाबा म्हणतात ऊन लागलं. जंतू आहे म्हणतोस तर दाखव, म्हणतात."

साठ झाडे होती कागदी लिंबाची. तिसरे वर्ष, म्हणजे आता कुठे फळ धरू लागलेली. वनस्पतिशास्त्राच्या सरांचा सल्ला असा की, रोगट फांद्या छाटून जाळून टाका. ज्याने तीन उन्हाळे विहिरीचे पाणी पुरवून झाडे वाढवली, तो माणूस एका शब्दावर फांद्या कशा छाटील? 'जंतू आहे तर दाखव' ही त्याची मागणी मला रास्त वाटली. विज्ञानात आपण याहून वेगळे काय करतो?

विद्यार्थी मित्रांनो, जंतू दाखवायचा तर सूक्ष्मदर्शक यंत्र हवे. पण त्याच्याही आधी एक खूण नुसत्या डोळ्यांना दिसते, आणि ती उजेडाची आहे. ती समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. वहीच्या कोऱ्या कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकून बोटाने चोळा. कागद टेबलावर ठेवून पाहिलात तर तेलाचा डाग भोवतालच्या कागदापेक्षा काळपट दिसतो. आता तोच कागद खिडकीसमोर उजेडात धरा. मघाचा काळपट डाग आता भोवतालच्या कागदापेक्षा उजळ दिसू लागतो!

याचे कारण असे. कागद म्हणजे बारीक तंतूंची दाट जाळी आणि त्या तंतूंमध्ये अडकलेली हवा. तंतूंचा वक्रीभवनांक सुमारे १.५ आणि हवेचा १. प्रकाशकिरण तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना प्रत्येक सीमेवर त्याचा थोडा भाग मागे फिरतो. अशा असंख्य सीमा ओलांडताना प्रकाश चहूकडे विखुरतो, आणि म्हणून कागद पांढरा व अपारदर्शक दिसतो. तेलाने हवेची जागा घेतली की चित्र पालटते. तेलाचा वक्रीभवनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे तंतूंच्या अगदी जवळचा. प्रकाशाला सीमा जणू लागतच नाहीत. तो मागे न फिरता सरळ पलीकडे निघून जातो.

ज्यांच्या नावाचा बर्नर तुम्ही प्रयोगशाळेत रोज पेटवता, त्या बुन्सेन यांनी याच तेलकट डागापासून एक प्रकाशमापक बनवला होता. दोन दिव्यांच्या मध्ये तेलाचा डाग पडलेला कागद उभा करायचा आणि मागे-पुढे सरकवायचा. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला की डाग दिसेनासा होतो. आमच्या विद्यार्थिदशेत हा प्रयोग प्रत्येक कॉलेजात असे.

आता पानाकडे वळू. लिंबाच्या पानाचा खालचा निम्मा थर स्पंजासारखा असतो. पेशींमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. रोगाचे जीवाणू या पोकळ्यांत शिरून वाढू लागले की तेथे हवेऐवजी पाणी आणि जीवाणूंनी तयार केलेला चिकट पदार्थ साचतो. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. तो पेशींच्या भित्तिकांएवढा नसला तरी हवेपेक्षा त्यांच्या कितीतरी जवळचा आहे. म्हणून तेवढी जागा तेल लागलेल्या कागदासारखी होते. वरून पाहावे तर काळपट, उजेडासमोर धरावे तर अर्धपारदर्शक. जीवाणूंमुळे पानावर पडणाऱ्या बहुतेक डागांची ही पहिली खूण आहे. ऊन लागल्याने किंवा खत कमी पडल्याने पान पिवळे पडेल, करपेल; पण डागाच्या कडेला असे तेलकट कडे उमटणार नाही.

डाळिंबावरच्या 'तेल्या' रोगाचे नाव तुम्ही ऐकले असेल. तोही याच कुळातल्या जीवाणूचा रोग. भारतात त्याचे वर्णन प्रथम १९५२ साली दिल्लीहून झाले. पुढे २००३ च्या सुमारापासून महाराष्ट्रातील डाळिंबाच्या बागांत त्याने असा काही थैमान घातला की, अनेकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले, आणि त्याच्यापुढचा एक मोठा प्रश्न हाच रोग होता. त्याला 'तेल्या' हे नाव देणाऱ्या शेतकऱ्याने बुन्सेनचे नाव ऐकले नसेल, पण त्याची नजर नेमकी खुणेवर होती, यात शंका नाही.

मुलाने आणलेले एक पान मी टेबललँपसमोर धरले. डागाचा मधला भाग बुचासारखा खडबडीत, खोलगट, एखाद्या लहानशा ज्वालामुखीच्या तोंडासारखा. त्याच्या कडेने तेलकट कडे, आणि त्याबाहेर पिवळे वलय. पान उलटले तर खालच्या बाजूलाही तोच डाग वर उचललेला. डोळे मिटून पानावरून बोट फिरवले तरी डाग हाताला लागत होता. हीच खैऱ्याची लक्षणे. खैरा म्हणजे काताच्या रंगाचा, आणि डाग जुना झाला की त्याचा रंग अगदी तसा होतो.

पुढच्या रविवारी तो मुलगा वडिलांना घेऊनच आला. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी सूक्ष्मदर्शक मांडून दिला होता. ताज्या डागाच्या कडेचा एक बारीक तुकडा पात्याने कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वर पातळ काच ठेवली आणि शंभरपट मोठे करून पाहू लागलो. मिनिटभर काहीच दिसले नाही. मग कापलेल्या कडेतून दुधी रंगाचा एक झोत हळूहळू पाण्यात पसरू लागला. वडील डोळा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, याच्यातून तर धूर निघून राहिला."

धूर नव्हे, जीवाणू. झँथोमोनास सिट्री हे त्यांचे नाव. 'झँथोस' म्हणजे ग्रीक भाषेत पिवळा, कारण प्रयोगशाळेत वाढवल्यास यांच्या वसाहती पिवळ्या दिसतात. एकेक जीवाणू काडीच्या आकाराचा, लांबी दीड ते दोन मायक्रोमीटर. एकापुढे एक असे पाचशे ओळीने ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल! टोकाला एक शेपटी असते, तिच्या साहाय्याने तो पाण्यात पोहतो. शंभरपट मोठे करूनही एकटा जीवाणू सहज दिसत नाही. दिसतो तो त्यांचा लोंढा. बुरशीच्या डागातून असा लोंढा निघत नाही. (त्यांच्या चिकट पदार्थावरून आठवले. याच कुळातला, कोबीवर रोग आणणारा एक जीवाणू मुद्दाम वाढवून त्याच्यापासून झँथन नावाचा डिंक काढतात, आणि तो आइस्क्रीम व सॉस दाट करण्यासाठी वापरतात. तेव्हा या मंडळींशी तुमचा परिचय पूर्वीच झालेला आहे.)

'जंतू आहे तर दाखव' असे म्हणणारे काटोलचे ते गृहस्थ एकटे नव्हेत. अमेरिकेत सफरचंद आणि नासपती यांच्या झाडांवर एक भयंकर रोग येतो. फुले व कोवळे शेंडे आगीने होरपळल्यासारखे काळे पडतात आणि शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकतो. १७८० च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीच्या खोऱ्यात तो प्रथम लक्षात आला. शंभर वर्षे लोक त्याचे कारण वीज, ऊन, थंडी, खत असे काहीबाही सांगत होते. इलिनॉय येथील प्राध्यापक थॉमस बरिल यांनी १८७८ ते १८८० च्या दरम्यान रोगट फांदीतल्या रसात जीवाणू पाहिले, तो रस निरोगी झाडाला टोचला आणि रोग निर्माण करून दाखवला. वनस्पतींनाही जीवाणूंचे रोग होतात, याचा हा पहिला दाखला. तरीसुद्धा फिशर नावाचे जर्मन शास्त्रज्ञ १८९७ नंतरही हे मानायला तयार नव्हते. अमेरिकेतील आर्विन स्मिथ यांच्याशी त्यांचा छापील वाद काही वर्षे चालला आणि पुराव्यापुढे अखेर फिशर यांची बाजू लंगडी पडली.

खैऱ्याचे कारण सापडायला १९१५ साल उजाडले. अमेरिकेतील फ्लोरिडा भागात हा रोग परदेशातून आणलेल्या रोपांबरोबर शिरला होता, आणि आधी सर्वांना संशय बुरशीचा होता. क्लारा हासे या बाईंनी दाखवून दिले की, कारण जीवाणू आहे. मग रोग मूळचा कुठला? १९३३ साली फॉसेट आणि जेंकिन्स यांनी जुन्या वाळवून जपलेल्या पानांचे संग्रह तपासले. लंडनजवळच्या क्यू उद्यानातील ज्या जुन्यात जुन्या पानावर खैऱ्याचे डाग मिळाले, ते १८२७ ते १८३१ च्या दरम्यान भारतातून गोळा केलेले निघाले. म्हणजे हा पाहुणा आपल्याकडचा, निदान आशियातला. आणि ज्याला कोणाला ते पान वहीत दाबून ठेवायचे सुचले, त्याला शंभर वर्षांनंतर आपण साक्षीदार ठरू याची कल्पनाही नसेल.

आता मला सर्वांत गमतीचा वाटणारा भाग. हा जीवाणू उडत नाही, चालत नाही. पावसाचे पाणी जुन्या डागावर पडले की तो लाखांनी त्या पाण्यात उतरतो आणि थेंबांच्या तुषारांबरोबर शेजारच्या पानावर जातो. पण पान मेणकट. आत शिरायला वाट एकच, पर्णरंध्रे. आणि लिंबाच्या पानाची पर्णरंध्रे असतात खालच्या बाजूला! वरून पडणारा पाऊस तेथे पोचणार कसा? शिवाय रंध्राचे तोंड इतके अरुंद की, पृष्ठताणामुळे पाणी आत शिरत नाही. छत्रीच्या कापडातून शिरत नाही तसे.

येथे वारा कामाला येतो. अभ्यासकांना असे आढळले आहे की, वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २९ किलोमीटर, याहून अधिक असलेल्या पावसात हा रोग झपाट्याने पसरतो. हाच आकडा का? आपण ढोबळ हिशेब करून पाहू. रंध्राच्या तोंडाची त्रिज्या ५ मायक्रोमीटर धरली तर पृष्ठताण पाण्याला जास्तीत जास्त किती दाबाने अडवू शकेल? पृष्ठताणाची दुप्पट भागिले त्रिज्या, म्हणजे सुमारे २९ हजार पास्कल. आणि ८ मीटर वेगाने येऊन आदळणाऱ्या पाण्याचा दाब किती? घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याचा निम्मा, म्हणजे ३२ हजार पास्कल. दोन्ही आकडे एकाच मापाचे निघाले! रंध्रे सगळी सारखी नसतात आणि पानाचा मेणकटपणाही कमी-जास्त असतो, म्हणून या हिशेबाला मी फार ताणणार नाही. पण सोसाट्याचा वारा पाने उलटीपालटी करतो, थेंब खालच्या बाजूवर आपटतो आणि दार ढकलून पाणी आत जाते, एवढे त्यातून स्पष्ट होते. दुसरी वाट जखमेची. काट्यांनी ओरखडलेली पाने आणि नागअळीने पोखरलेली वेडीवाकडी चंदेरी नागमोडी रेघ, ही जीवाणूला उघडी दारेच.

मुलाने मला तेव्हाच विचारले होते, "सर, आमच्या बांधाला संत्र्याचीही झाडं आहेत. त्यांना काही नाही. असं कसं?"

प्रश्न सुरेख होता. संत्रे आणि लिंबू भाऊबंद, तरी खैऱ्या कागदी लिंबाला फार आणि संत्र्याला क्वचित व सौम्य. १९२१ साली मॅक्लीन यांनी पपनसासारखी मोठी फळे देणारे ग्रेपफ्रूट आणि संत्र्याच्या गटातील एक जात यांची पर्णरंध्रे शेजारी ठेवून पाहिली. ग्रेपफ्रूटला खैऱ्या खूप होतो. त्याच्या रंध्राचे तोंड रुंद निघाले. संत्र्याच्या त्या जातीत मात्र रंध्राच्या काठाला उंच ओठ होते आणि मधली फट अगदीच चिंचोळी. त्रिज्या निम्मी झाली की अडवणारा दाब दुप्पट होतो, हे तुमच्या लक्षात आले असेलच. सगळी प्रतिकारशक्ती केवळ दाराच्या रुंदीत असते असे नाही. आतल्या पेशीही आपापल्या परीने लढतात. पण नागपूरच्या अंगणात संत्र्याचे निरोगी आणि लिंबाचे डागाळलेले पान एकमेकांशेजारी दिसले, तर दाराची ही गोष्ट आठवा.

मग उपाय काय? एकदा जीवाणू पानाच्या आत गेला की त्याला बाहेर काढणारे औषध नाही, हे आधी मान्य करावे लागते. फवारणी बसते पानाच्या बाहेर, जीवाणू असतो आत. म्हणून सगळा भर पुढच्या पानावर. फार कोवळ्या, रंध्रे नुकतीच उघडू लागलेल्या पालवीला धोका अधिक; पान जून झाले की बहुतेक सुटते. पावसाळा तोंडावर येण्यापूर्वी, कोरड्या दिवसांत, डागाळलेल्या फांद्या छाटायच्या, कारण फांदीवरच्या डागात जीवाणू वर्षानुवर्षे तग धरतो. छाटलेले तेथेच न टाकता जाळायचे. आणि पाने ओली असताना बागेत काम करायचे नाही. हात, कपडे, कात्री, सगळ्यांवरून तो प्रवास करतो.

नवी पालवी फुटताना तिच्यावर तांब्याचे कवच हवे. त्यासाठी जुने व स्वस्त औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या द्राक्षांची चोरी होऊ नये म्हणून बागवाले वेलींवर मोरचूद व चुना शिंपडून त्या विषारी दिसतील असे करीत. त्याच वेलींवर रोग कमी आहे, हे १८८२ साली मिलार्दे यांच्या लक्षात आले. दहा लिटरसाठी १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये विरघळवतात, आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात ओततात. लोखंडी भांडे चालत नाही. का, ते मिश्रण तपासतानाच कळते. घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्याच्यावर तांबूस पुट चढले तर मोरचूद मोकळे आहे, ते पाने भाजील. आणखी चुना घालायला हवा. तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातली विस्थापनाची अभिक्रिया ती हीच! हे काम घरच्या मोठ्या माणसांनी, नाक-तोंड झाकून, आणि त्याच दिवशी बनवलेल्या मिश्रणाने करायचे असते.

स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके फवारण्याचीही पद्धत होती. मला ती पटली नाही. अमेरिकेत सफरचंद-नासपतीच्या बागांत हे औषध वापरात आल्यावर पंधरा-वीस वर्षांतच, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस, कॅलिफोर्नियात त्याला दाद न देणारे जीवाणू आढळले. क्षयरोग्यांसाठी लागणारे औषध लिंबावर उधळावे का, याचा विचार करायला हवा.

रोगट झाडे सरसकट उपटून टाकण्याचा उपायही अमेरिकेने करून पाहिला. फ्लोरिडात १९३३ पर्यंत त्याला यश आले, पण रोग पुन्हा आला. तेव्हा प्रत्येक रोगट झाडाभोवती १,९०० फुटांच्या आतली लिंबूवर्गीय झाडे काढून टाकण्याचा नियम झाला. लोकांच्या अंगणातली झाडे गेली, कोर्टकचेऱ्या झाल्या. २००४ आणि २००५ सालच्या चक्रीवादळांनी जीवाणू असे दूरवर उधळले की, जानेवारी २००६ मध्ये ती मोहीमच थांबवावी लागली.

आपल्याकडे रोग इतका जुना की, उपटून संपण्याचा प्रश्नच नाही. येथे सुरुवात रोपापासून करावी लागते. त्या मुलाच्या घरची रोपे ज्या रोपवाटिकेतून आली, तेथेच काही पानांवर डाग होते असे त्याच्या आईला नंतर आठवले. स्वस्त मिळाली म्हणून घेतली होती. नागपुरात १९८५ पासून लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तेथे रोगमुक्त रोपे तयार करण्याचे काम चालते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची 'साई सरबती' ही लिंबाची जात खैऱ्याला बरीचशी सहन करते. रोप घेताना पान उलटून, उजेडासमोर धरून पाहायला पैसे पडत नाहीत.

वडिलांनी अखेर फांद्या छाटल्या. साठांपैकी सात झाडे मुळापासून काढली. मी म्हणालो होतो तीन, त्यांनीच सात ठरवली. पश्चिमेच्या बांधाला, जिकडून पावसाळी वारा येतो तिकडे, शेवरीची दाट रांग लावली आणि नव्या पालवीवर बोर्डो मिश्रण फवारले. या वर्षी पोळ्याच्या सुट्टीनंतर मुलगा पुन्हा वहीत पाने घेऊन आला. नऊ पाने स्वच्छ होती. दहाव्यावर टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका होता. हे पान शेवरीच्या रांगेत खिंड राहिली आहे तिथल्या झाडाचे, असे त्याने सांगितले. मी हात पुढे केला, पण त्याने पान माझ्या हाती दिले नाही. स्वतःच टेबललँप लावला आणि दिव्यासमोर धरून त्या ठिपक्याची कड पाहू लागला.